सतरा मिलिमीटर

अंगण अरुंद. मागे सरकायला जागाच नव्हती,
पाठ कोळशाच्या कोठाराला टेकलेली.
म्हणून सतरा मिलिमीटरची लेन्स लावली
आणि कॅमेरा जरासा वर उचलला.
एवढंच निमित्त झालं:
चार मजले आभाळाकडे जाता जाता
एकमेकांच्या कानाला लागले.

नोव्हेंबर. बीटोममध्ये साडेतीनलाच दिवे लागतात.
विटा ओल्या, धुराड्यांचा धूर खाली बसलेला,
खिडक्यांच्या चौकटी तेवढ्या लाल,
पूर्वी खाणीतून फुकट मिळायचा तो रंग.
अर्धा मिनिट शटर उघडं ठेवलं.
काळोख आत झिरपत राहिला
आणि विटांमधला चुना हळूहळू उजळला.

आता रात्री, पडद्यासमोर.
आधी लेन्सचं सुटलेलं पोट आत घेतो,
फुगलेली वळचण एका टिचकीत सपाट.
मग उभ्या रेषा.
डावी धरून ताणतो, उजवी धरून ताणतो,
पन्हळ सरळ झालं, जिन्याची खिडकी सरळ झाली,
सात नंबरची भिंत तेवढी ऐकत नाही.
तिला उभी करावी तर पाच नंबर कलतो,
पाचला समजवावं तर नऊ.
पावणेदोन अंश.
सगळा दोष लेन्सच्या माथी मारला
तरी हिशेब उरतोच.

दुपारी सात नंबरात एल्फ्रिदा शोल्तिसेकनं सूप वाढलं होतं.
बशीची एक कड कोरडी, दुसरी काठोकाठ.
"तुम्ही लोक पाणसळ घेऊन फिरता," ती म्हणाली,
"आमच्याकडे सूप आहे."
कपाटाखाली लाकडाच्या चकत्या,
पलंगाच्या पायथ्याला विटा.
दाराशी गोटी सोडली की
ती कुणाला न विचारता खिडकीशी जाते.
खाली, सहाशे मीटरवर,
नवऱ्यानं सत्तावीस वर्षं कोळसा काढला.
"जेवढं त्यानं वर आणलं,"
तिनं दोन बोटांत अंतर धरून दाखवलं,
"तेवढी मी खाली गेले."
आणि मला अजून एक पळी वाढली,
खोल बाजूला.

पालिकेला सहा फोटो हवेत, पाडण्याआधीचे.
पत्रात अट आहे:
उभ्या रेषा उभ्या असाव्यात.

कुणाच्या?

भिंतींवरचा हात काढला. फोटो पुन्हा मोठा केला.
तेव्हा दिसली, कबुतरखान्याच्या फळीवरून
लोंबणारी दोरी, टोकाला दाण्यांची बादली.
अर्ध्या मिनिटात बादली किंचित पुसट झालीय,
दोरी मात्र गवंड्याच्या ओळंब्यासारखी
आपलं काम करत उभी.
एकीनं भागत नाही, दुसरी हवी.
तीही होती: पलीकडे कमानीतला दिवा,
साखळीवर.
त्या दोघींना मी सरळ केलं,
बाकी कुणाला हात लावला नाही.
लेन्सचं खोटं गळून गेलं
आणि जमिनीचं खरं जागच्या जागी राहिलं:
पाच थोडा डावीकडे, नऊ त्याच्याकडे पाठ करून,
मधे सात,
ज्यानं आयुष्यभर एका पायावर भार दिलाय असा.

खाली दोन्ही कोपऱ्यांत रिकामे त्रिकोण उरले.
कापायला गेलो तर उजव्या कडेची एल्फ्रिदा जाते.
(कडेला उभी राहिली, म्हणून लेन्सनं तिला
दीडपट रुंद केलीय,
स्वेटरची बाही उशीएवढी.
तिला सांगायला हवं होतं, मधे या.
पण ती म्हणाली होती, मी इथं बरी, इथं सपाट आहे.)
तिला तेवढी आत ओढून घेतली.
त्रिकोण ठेवला,
तिच्या चपलांशेजारी, पांढरा.

पहाटे पाकिटात चिठ्ठी घातली:
उभ्या रेषा उभ्या आहेत.
शंका असल्यास दोरी पाहावी.