वीस किलोच्या खाली

माझ्या काट्याला वीस किलोच्या खालचं काही कळत नाही.
ट्रक चढतो, आकडा थरथरतो, थांबतो,
मी लिहिते. तीन प्रती. गुलाबी ड्रायव्हरला.
आलिआच्या या किनाऱ्यावर बावीस वर्षं
मी जहाजांना टनांतच ओळखत आले.

ते आलं तेव्हा मार्च होता, वारा उलटा.
दोन टग ओढत होते, आणि ते मात्र नाक वर करून,
विमानं उडवायचा वळलेला उतार पुढे धरून,
जणू आता शिंकेल.
नावावर राखाडी रंग फासलेला.
विकलेल्याला नाव ठेवत नाहीत,
नावं ठेवतात.

सातिल्मिश हसला. त्याच्या नावाचाच अर्थ 'विकलेला'.
आधीची तीन भावंडं गेली, तेव्हा तोकातच्या कुठल्याशा पिराला
आईने हा पोटातच विकून टाकला,
मालक दुसरा आहे समजून मरणाने पुढे जावं म्हणून.
"मरणाला फसवायचं तर व्यवहार पक्का लागतो," म्हणतो,
आणि गॅसची नळी खांद्यावर टाकून शिडी चढतो.

आठ महिने लागले.
डेक कापताना थर निघत: राखाडी, राखाडी, राखाडी,
मध्येच एक पिवळी रेघ,
आणि जळक्या टायरांचा वास, जो त्याच्या डब्यातल्या भातापर्यंत यायचा.
विमानांच्या लिफ्टचा अर्धा तुकडा:
एकवीस टन आठशे चाळीस.

कपाटात एक फाइल सापडली, ती मला आणून दिली,
कागद माझ्या खात्यातला म्हणून.
माझं इंग्रजी बंदरापुरतं, पण फाइल कुठल्याही भाषेत फाइलच.
आग अडवणाऱ्या एका दाराला बिजागरी हवी होती.
मागणी. तीन दरपत्रकं.
सगळ्यात स्वस्त नामंजूर, सही हिरव्या शाईत होती.
स्मरणपत्र. मंत्रालयाची पृच्छा: बिजागरी डावी की उजवी?
उत्तर. मग पाच वर्षं काही नाही.
मी विचारलं, ते दार कसं होतं रे?
"तारेने बांधलेलं," तो म्हणाला. "गाठ चांगली होती."

वैमानिकांच्या खुर्च्या चहावाल्याने घेतल्या.
पेन्शनवाले त्यात रेलून सोंगट्या खेळतात.
डोक्यावरून सरावाची लढाऊ विमानं गेली
की फळीवरचा पेला हाताने धरतात,
वर बघत नाहीत.

नोव्हेंबरात टॅक्सीतून एक म्हातारा उतरला. ट्रेगेन्झा, पोर्ट्समथचा.
गुडघे गेलेले, दोन्ही कानांत यंत्रं.
उभा जन्म डेकवर विमानांना हातांनी खुणा करायचा.
तोवर जहाजाचा नुसता तळ उरला होता.
पण सातिल्मिशने एक तुकडा बाजूला ठेवलेला,
का, ते त्यालाही सांगता आलं नाही.
पिवळ्या रेघेलगतचा. खरखरीत रंग दोन जागी झिजलेला,
बुटांएवढा.
म्हाताऱ्याने त्यावर पाय नाही, हात ठेवला.
"माझे नव्हेत," म्हणाला. "इथे पेनरोझ उभा राहायचा."
पुढचं दुभाष्याने विचारलं नाही.

फाटकाबाहेर जाणारं लोखंड तोललंच पाहिजे, हा नियम.
त्याने तुकडा साठ टनांच्या काट्यावर मधोमध ठेवला
आणि टोपी काढली.
पडद्यावर शून्य.
थरथरेल म्हणून मी थांबले. शून्यच.
शून्याची पावती फाडता येत नाही,
पावतीशिवाय फाटक उघडत नाही,
आणि तो पाकीट उघडून उभा.

तेव्हा सातिल्मिश काट्यावर चढला,
तुकडा पोटाशी धरून, तान्हं धरावं तसा.
आकडा हलला. ऐंशी.

मी लिहिलं: सातिल्मिश, नग एक, ऐंशी किलो.
गुलाबी प्रत म्हाताऱ्याला.
बाकीच्या दोन अजून माझ्या खणात आहेत.
हिशेब तपासणारे दोनदा येऊन गेले.