स्थानिक कर्मचारी, स्विंडन

खुर्ची तीच, खिडकी तीच,
पाच छोटे गोल पोटात घेऊन गरगरणारा
खालचा चौकही तोच.
फक्त गळ्यातली फीत हिरवीची निळी झाली
एका सोमवारी, सव्वानऊला,
आणि ट्रेव्हर पैसे घेऊन घरी गेला
त्याचा निवडुंग माझ्या टेबलावर ठेवून.
विमा कंपनीनं आमचा अख्खा विभाग
पुण्याच्या कंपनीला देऊन टाकला,
घर विकताना माळ्यावरची भांडी जातात तसा.

नव्या कंपनीच्या तक्त्यात लिहिलंय:
शीला प्रिचर्ड. लोकल.
सत्तावीस वर्षं राहतेय या गावात.
दुधाच्या दुकानात, दवाखान्यात,
गॅरेथच्या आत्याच्या मैतीलासुद्धा
कुणी ना कुणी विचारलंच,
तशी तू मूळची कुठली?
मला स्थानिक म्हणणारी पहिली माणसं
हिंजवडीत बसली होती.

शीला हे नाव इथंही चालतं.
स्पेलिंग इंग्रजांचं, प्रिचर्ड सासऱ्यांचं,
उच्चार एव्हाना कुणाचेच नाहीत.
कॅमेरे सगळ्यांचे बंद.
त्यामुळे इचलकरंजीची शीला मगदूम
त्यांना दिसलीच नाही,
आणि मी पहिल्या दिवशी सांगितलं नाही.
दुसऱ्या दिवशी सांगणं विचित्र दिसलं असतं.
तिसऱ्या आठवड्यात तर ती चोरीच झाली.

केटी म्हणजे आपलं काम दुसऱ्याला शिकवायचं
आणि शिकवून झाल्यावर आपण किती उरलो ते बघायचं.
रोज दहा ते बारा शिकवायचे.
मध्येच ते आपसात मराठीत:
'बाई चांगलीये, पण पाचला उठते.'
'तिच्या पगारात आपले चार बसतात रे.'
'हे कोबोल हिच्या लग्नातलं दिसतंय.'
खरं होतं. लग्नाच्या वर्षीच लिहिलं होतं.
मृण्मयीच्या डब्यात एकदा शेपू होता, त्यावरून भांडण.
सुजय गडहिंग्लजचा. 'लई ताप हाय' म्हणाला
आणि माझ्या हातातला चहा
कपातल्या कपात हलला.

त्या संध्याकाळी गॅरेथला विचारलं,
शेपू कुठं मिळेल रे, जुडी, मोठी?
तो म्हणाला, सॅमनवर घालतात तो?

मार्चमध्ये एका रात्री बॅच अडकली.
इथं पावणेदोन, मी स्वयंपाकघरात, गाऊनवर कोट घालून.
तिकडे सव्वासात, सुजय एकटा,
रात्रपाळी संपता संपेना.
अडकलेल्या ओळी हातानं मोजायच्या होत्या.
मोजणं मला इंग्रजीत कधी आलंच नाही.
आकडे दिसले की जीभ शाळेत जाऊन बसते.
माइक चालू होता.
'...सत्तावन्न, अठ्ठावन्न, एकोणसाठ,
साठ.'

पलीकडे कुणाच्या तरी स्कूटरचा हॉर्न.
मग बराच वेळ काही नाही.
मग, 'येस मॅम. आय ऑल्सो गेट सिक्स्टी.'
याआधी तो मला शीला म्हणायचा.
बॅच चारला सुटली.

आता कॉलवर सगळं इंग्रजीत, अदबीत.
मध्येच पाचही नावांपुढे
छोटे लाल माइक उगवतात
आणि मी त्यांच्याकडे बघत बसते.
कुणाचं लग्न ठरलं, कोण पेपर टाकणार,
डब्यात काय, काही कळत नाही.
दिवसभरात कानावर पडणारी तेवढीच मराठी होती.
माझ्याविरुद्ध असेना का.

जूनअखेरची तारीख पडलीय माझ्या नावापुढे.
निवडुंग कुणाला द्यावा ठरत नाही, 
मजल्यावर मी आणि प्रिंटर उरलोय.
कुरियरवाल्याला फोन करून विचारलं, पुण्याला जाईल का.
जिवंत वस्तू पाठवता येत नाहीत, म्हणाला.