शिफ्ट माझी होती

अवधानच्या एमआयडीसीत, मे महिन्यात,
रात्रपाळीला पट्टा तुटला.
बोल्ट मीच ढिला सोडलेला.
सकाळी शेठनं विचारलं, कोण?
बोरसे आप्पांनी टोपी काढून घाम पुसला.
"शिफ्ट माझी होती."

शेठ गेल्यावर मला एवढंच, "जेवना का?"
अर्धी कळण्याची भाकर पुढं सरकवली,
मग पाना हातात देऊन
तोच बोल्ट तीनदा आवळायला लावला.
पुन्हा कधी विषय नाही.

आता रजिस्टर माझ्याकडं आहे.
काल सायसिंग पावरानं मोटर जाळली,
लागून आठवडाही झाला नव्हता त्याला.
शेठचा मुलगा दारात उभा.

आप्पांचं वाक्य तीन शब्दांचं.
मला पाठ.
तरी बोट आधी
रजिस्टरात त्याच्या नावावर जाऊन आलं.

मग म्हणालो.