अढी

शनिवारी सकाळी चियानच्या पालिकेची गाडी येते,
मागे बारा-चौदा कुत्र्या, गळ्यात सुतळी, सुतळीला आकडा.
दुपारपर्यंत सगळ्यांचं निर्बीजीकरण उरकतं
आणि मी थर्मास घेऊन दाराशी उभी,
चहा न्यायला आल्यासारखी.

डॉक्टर इतुर्रा हातमोजा न काढताच पुढे करतात:
"एक्केचाळीस नंबर. करडी. एक कान फाटलेला."
कोमट खारट पाण्यात दोन बीजकोश,
भिजवलेल्या बदामांएवढे.

सायकलवर घालते. जुलै. घराघरांतल्या चुलींचा धूर इतका
की ज्वालामुखी कुठल्या बाजूला ते अंदाजाने.
थर्मास कोटाच्या आत, पोटाशी.

ब्लेडने काप देते, आणि भिंगाखाली त्या दिसतात:
अंडपेशी, काळ्याकुट्ट, चरबीने भरलेल्या.
गाईचं बीज थोडंफार तरी दिसू देतं;
आत काय चाललंय ते कुत्री कुणाला दाखवत नाही.

बाकी जनावरांचं बीज पिकून बाहेर पडतं.
हिचं कच्चंच निघतं,
वाटेवर, नळीत, दोन-तीन दिवस रेंगाळत पाडाला येतं.
हे मला पुस्तकाआधी ठाऊक होतं, पेअरमुळे.
आई मार्चमध्ये ती हिरवीच उतरवायची,
पलंगाखाली गव्हाच्या पेंढ्यात अढी घालायची
आणि बजावायची: सारखं उघडून बघू नका,
बघितलं की रुसतात.

आम्ही बघतोच.

तेलाखाली थेंब. थेंबात एफएसएच, एलएच, इस्ट्रोजेन.
प्रोजेस्टेरॉन किती, यावर आमारोचं आणि सेपुल्वेदाबाईंचं
आठवडाभर जमत नाही. तो म्हणतो, वाढवा.
त्या म्हणतात, आधी हे, मग ते,
शरीर एका दमात सगळं बोलून टाकत नाही.
मी पिपेट धरते. माझ्याकडे दशांशचिन्हानंतरचे आकडे.

संप्रेरक म्हणजे निरोप, अशी मी समजूत करून घेतलीय.
ज्या अंगातून तो यायचा
ते आता पालिकेच्या फरशीवर गुंगीतून उठतंय.
म्हणून त्याच्या अक्षरात आम्ही चिठ्ठी लिहितो.

मला ही विद्या जुनी.
बाबा उत्तरेला, तांब्याच्या खाणीवर. महिन्याला पत्र.
मग येईना. आईला वाचता येत नव्हतं.
नऊ वर्षांची मी, हातात विजेचं बिल धरून
वाचून दाखवायची: इथे सगळं ठीक,
धाकट्याला बूट घे, मोठे घे, वर्षभर पुरतील.
आई ऐकता ऐकता पेअरचा देठ चाचपायची.
एकदा म्हणाली, "हल्ली फार गोड लिहायला लागलाय."
इतकंच. पुढच्या महिन्यातही ती ऐकायला बसली.

बहात्तर तास. अडतीस अंश आणि वर थोडं.
तिसऱ्या रात्री जमीन हलली, काही फार नाही,
कपाटातल्या काचा किणकिणल्या,
आणि मी इन्क्युबेटरला कवटाळून उभी.
आमारो दारातूनच म्हणाला, "तुम्ही आधी बाहेर या की!"

मंगळवारी मोजल्या. सेहेचाळिसांतल्या तीन.
तिघींनी कडेचा इवला मणी बाहेर टाकला होता,
उंबऱ्याबाहेर चप्पल काढून ठेवावी तसा.
काही विरघळल्या. बाकीच्या होत्या तशाच:
चिठ्ठी उघडलीच नसेल,
किंवा उघडली, आणि अक्षर ओळखलं.

तीन वाईट नाही, सेपुल्वेदाबाई म्हणाल्या.
पण रंग घातल्याशिवाय खात्री पटत नाही,
आणि रंग घातला की संपतं.
तिघींना मीच रंग घातला.

संध्याकाळी बेकरीपाशी एक्केचाळीस नंबर.
पोटावर भादरलेला चौकोन, टाके ओले.
गळ्यात सुतळी अजून.
अर्धा पाव पुढे केला. म्हटलं, बाई, मनात अढी नको.
तिने पावाकडे पाहिलंच नाही.
कोटाला नाक लावलं, तिथे, जिथे थर्मास होता,
आणि लावूनच ठेवलं.
माझी बस आली. गेली.