पाणी आधी

घर दाखवताना इनास बार्रेतोनं
हॉल दाखवला नाही, बाल्कनी नाही,
तडक सिंकपाशी नेलं.
"जहाजावर हिची थोरली बहीण होती,
बावीस माणसांचं उष्टं खायची. ही धाकटी."

मग नियम.
पयलीं उदक, बाये. पाणी आधी, मग बटण.
आणि पाणी थंडच.
गरम पाण्यानं तूप वितळून आत जातं
आणि पुढं कुठंतरी, जिथं आपला हात पोचत नाही,
पुन्हा गोठून बसतं.
(तो पाइपाबद्दल बोलत होता.)

बांगड्याचे काटे चालतील, थोडे थोडे.
तिसऱ्यांच्या शिंपल्या नकोत, नारळाची शेंडी नको,
चोखलेल्या शेंगा नकोत.
भात तर नकोच, फुगतो.
महिन्यातून एकदा मूठभर बर्फ, जाडं मीठ,
वरून लिंबाची साल.
"आणि हात?"
"हात कधीच नाही.
मेसमनचं एक बोट मी बर्फात घालून
बोटीनं किनाऱ्यावर पाठवलंय."

तिसऱ्या आठवड्यात उडदमेथी केली.
तेफळं मी वेचून काढली होती,
एक सोडून.
यंत्र नुसतं घुमायला लागलं, फिरेना.

अर्ध्या चड्डीत, सहाकोनी चावी घेऊन तो वरून आला.
आधी भिंतीवरचा स्विच बंद.
कपाटात कमरेपर्यंत शिरला,
चावी डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे,
मग खालचं लाल बटण.
चिमट्यानं तेफळ काढलं, हुंगलं.
"चौतीस वर्षं याचं नाव कुणाला समजावता आलं नाही,"
म्हणाला, आणि ते ओलं तसंच
शर्टाच्या खिशात टाकलं.

जहाजावर किनारा दूर गेला की
दळलेलं सगळं समुद्राला.
"आणि इथलं?"
त्यानं खिडकीतून नीरफणसाखालची टाकी दाखवली.
आधी वर्षाला एक टँकर यायचा. आता दोन.
"मग काढून का टाकत नाही?"
मुरगाव बंदराबाहेर नांगरलेल्या जहाजांचे दिवे
तो बराच वेळ मोजत राहिला.
"आवाज," म्हणाला. एवढंच.

हल्ली मी जवळजवळ सगळं
ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकते.
तरी साडेनवाला नळ सोडते,
लिंबाची एक फोड, कधी तीही नाही,
बटण दाबते.
अर्धा मिनिट.
मग पाणी अजून थोडं चालू ठेवायचं असतं,
तेही त्यानंच सांगितलेलं.

वरच्या मजल्यावर खाट करकरते.