काटा

शटर अर्धंच वर गेलं होतं,
तेवढ्यात शिराळ्याची गाडी दारात.
हवालदार म्हणाला, काटा घे. बॅटरीवर चालतोय ना?
एक पंच तू, दुसरा तो समोरचा सलूनवाला.
कुठं, ते मी विचारलं नाही.
आठ दिवस वारणेच्या अंगानं वास येत होता,
शाळेतली पोरंसुद्धा नाकाला रुमाल लावून हसत होती.

हिंदुराव डुबल, रिटायर वायरमन.
रात्री दोनला लाईट येते;
टॉर्च घेऊन उसाला पाणी पाजायला निघालेल्या माणसाला
कोण अडवतंय?
माझ्याकडून चार महिन्यांत नेलेलं:
सुतळीची दोन बंडलं, हिरवी जाळी, निंबोळी पेंड.
सगळं रोख.
उसाला सुतळी कशाला, असं मी म्हटलं नाही.
रोखीच्या गिऱ्हाइकाला प्रश्न विचारत नसतात.

सतरा सऱ्या ओलांडल्या, पात्यांनी हात चिरले,
आणि एकदम ऊस संपला.
दोन गुंठ्यांची खोली. भिंती उसाच्या, वर छप्पर नाही.
आत माणसाएवढी झाडं
पानांचे पंजे पसरून उभी.
प्रत्येकाला आळं, आळ्याभोवती राख,
वाकलेल्या फांदीला सुतळी, माझीच,
बाळाच्या मनगटाला काळा दोरा बांधावा तशी सैल.
ऊन वर आलेलं, दव कधीच उडालेलं,
तरी तुरे चकाकत होते.
सलूनवाला कानात म्हणाला,
"ह्येच्या दारातली तुळस वाळून कोळ झालीया बघ."

अर्धं पीक आधीच कापलेलं.
मोटारीच्या खोलीत तारेवर उलटं टांगलेलं,
वटवाघळं झोपावीत तसं.
तार मात्र खांबावरची असावी अशी ताणलेली,
कुठं झोळ नाही.

हिंदुराव बांधावर.
विडी पेटवायला गेला तर काडी बोटालाच चिकटली,
हात राळेनं काळे.
कुणाशी बोलला नाही.
फक्त एका पोरगेल्या शिपायानं झाड ओढलं तेव्हा म्हणाला,
"बुडाला धर. मोडतंय."

वीस किलोच्या वर गेलं की कलम बदलतं,
साहेब फोनवर कुणाला तरी सांगत होते.

आता माझ्या काट्याचं.
किलोला पन्नास ग्रॅम जास्त दाखवतो.
मला माहीत आहे, आणि कराडात ज्यानं करून दिलं त्याला.
अकरा वर्षं गाव साडेनऊशेचा किलो खातंय,
साखर, शेंगदाणे,
हिंदुरावच्या पोरीच्या लग्नातली डाळसुद्धा.

मी मुळांची माती झटकायला लागलो.
राहू दे, आहे तसं, हवालदार म्हणाला.
गोण्या चढल्या, उतरल्या. बेरीज झाली.
वीस किलो चारशे.
मी मनात उलटा हिशोब केला.
एकोणीस, आणि वर थोडं.

"काटा बरोबर आहे ना रे?"

तेव्हा हिंदुरावनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.
नुसत्या आवाजावरून
कुणाचं मीटर पळतंय ते सांगणारा माणूस.
उसात कुठंतरी पाणी अजून चालूच होतं,
बंद करायचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

बरोबर आहे, मी म्हटलं.
सही केली. पेन हाताला चिकटलं.

पारडं राखेनं घासलं, चिंचेनं घासलं.
दोन दिवस गुळाला तोच वास.

बुधवारी त्याची बायको आली, सगुणा.
"किलोभर साखर."
मी मापली, वर एक मूठ टाकली,
मग आणखी एक.
"जास्त झालं. काढ."
असू दे, मी म्हटलं.
तिनं स्वतःच हात घातला
आणि चिमटी चिमटीनं काढत राहिली,
माझ्याकडं न बघता,
आकडा बरोब्बर एकवर येईपर्यंत.
मग पिशवी पुढं केली.