पेवाचं तोंड

हरिपूरची माती पाणी आत घेत नाही.
ही खोड म्हणायची की गुण,
ते हळदीनं ठरवलं.
माणसांनी मग तिला पोटं काढली.
वर परातीएवढं तोंड,
खाली तीन पुरुष खोल, रांजणासारखा घेर,
तळाला उसाचं पाचट, भिंतींना शेण,
आणि दोन-दोन वर्षं अंधारात
रंग न उतरलेलं हळकुंड.

माझे वडील, दरेप्पा, पेवात उतरायचे.
ज्याचे खांदे तोंडातून जात नाहीत
त्याला या कामात भाकरी नाही.
आमच्या घरात सगळेच अरुंद.
धाकट्या आत्याला सांगून आलेला मुलगा
आजोबांनी पाठमोरा उभा करून पाहिला,
"तालमीतच बरा हाय" म्हणून परत धाडला.
शिंप्यानं कापड बेतावं
तसं मातीनं आम्हांला बेतलं.

पेव उघडलं की आधी कंदील सोडायचा.
विझला, तर माणूस नाही.
जळत राहिला, तरी बिडी संपेस्तोवर थांबायचं.
वडील अजून तसेच थांबतात,
बंद खोलीच्या दारात, गाभाऱ्यापुढं.
सिव्हिलच्या लिफ्टपाशी तर
दार उघडून मिटलं तरी हे बाहेरच,
लिफ्टला श्वास घेऊ देत.

मग ते पुराचं साल.
वर धरण भरलेलं,
खाली नदीच्या अंगावर आम्हीच रेटलेली घरं.
कृष्णेला वारणा आडवी आली,
दोघी तुंबल्या, वळल्या, गावात शिरल्या.
जी माती पाणी पीत नव्हती
तिच्या तोंडात नदीच ओतली गेली.
पेव फुटणे, वाक्यात उपयोग करा,
मी शाळेत लिहिलं होतं कसलं तरी वाक्य.
त्या आठवड्यात त्याचा वास आला.
आधी लग्नघराचा.
चौथ्या दिवशी नाकाला पदर.

आता हळद कुपवाडला, शीतगृहात.
मी तिथं नोंदी ठेवते.
काचेवर अंश दिसतात, पंखे फिरतात,
कुणाच्या खांद्याचं माप लागत नाही.
लाइट गेली की मात्र सगळे धावतात.

इकडं प्लॉट पडले.
गुत्तेदार मगदूमांच्या जेसीबीचं मागचं चाक
जमिनीत गेलं, तेव्हा त्यांना वडील आठवले.
चप्पल काढून वडील प्लॉटभर फिरले,
टाच आपटत, कान खाली.
इथं.
इथं.
इथं न्हाई.
पोऱ्या मागून फक्कीचे गोल काढत गेला.
अकरा झाले.

पहिल्याचं तोंड मोकळं केलं, मुरूम टाकायला.
एक जण आत वाकणार,
वडिलांनी सदऱ्याला धरून मागं ओढला.
"कंदील सोडलासा?"
ड्रायव्हरनं मोबाइलची बॅटरी आत धरली.
"दिसतंय की समदं, काका."

वडील म्हणाले,
"बघायसाठी नसतोय त्यो."